हात न लावलेली घोडी

उस्मानचाचा नालबंद घोड्याविषयी कधी घाईने बोलत नसत. सारंगखेड्याच्या बाजारात मोठे बागायतदार त्यांच्याभोवती उभे राहत, "चाचा, कशी आहे?" म्हणून विचारत. चाचा खाली बसत, घोड्याचा पाय उचलून मांडीवर घेत आणि खुरावर तळहात टेकवत. मग डोळे मिटून गप्प. कुणी घाई केली तर म्हणत, "थांब रे भो. हात आयकी ऱ्हायना." हात ऐकतोय म्हटल्यावर दलालसुद्धा गप्प बसायचे. खूर चांगला असला तर चाचा नुसती मान हलवत. नसला तर म्हणत, "गरम शे. चालाडू नको." या दोन शब्दांवर सौदा मोडायचा आणि चिडलेला विकणारासुद्धा उलट बोलत नसे.

ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. हात लावल्याशिवाय बोल द्यायचा नाही. "घोडावाला लबाडी करस, खूर नई करस," हे त्यांचं आवडतं वाक्य. तापीकाठच्या गावांत एखाद्या घोड्याला 'चाचांचा हात लागलेला' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

त्यांच्या नालबंदीच्या छपराशेजारीच माझं कॉम्प्युटर सेंटर. सातबारे, दाखले, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं असली कामं. दिवसभर त्यांच्या ऐरणीचा ठोका आणि माझ्या प्रिंटरची करकर एकमेकांत मिसळलेली असे. जन्मभर ऐरणीवर वाकल्यामुळे चाचांचे कान मंदावले होते. मी हाक मारली की ते आधी माझ्या ओठांकडे बघत. तरी नाल ठोकल्यावर घोडा फरशीवर चालवून त्याच्या टापा ऐकायची सवय त्यांनी सोडली नव्हती. एका पायात दुखणं असलं की ताल मोडतो. तो मोड ऐकायला ते आता जवळजवळ जमिनीला कान लावत.

पुढे मोबाइलवर घोड्यांचे व्हिडिओ यायला लागले. लांबच्या गावातला माणूस घोडा चालवून दाखवायचा, आणि घेणारा तो व्हिडिओ घेऊन चाचांकडे यायचा. मोबाइलच्या आवाजात चाचांना काहीच कळत नसे. मी कॉम्प्युटरवर लावून हेडफोन दिला, तरी आवाज किरटाच. टापांपेक्षा माणसांचा गलबलाच जास्त. मी इंटरनेटवर शोधत बसलो आणि कुरिअरने एक डबी मागवली. हेडफोनचा आवाज वाढवणारं, खिशात मावणारं, अगदी स्वस्तातलं यंत्र. एका बाजूने कॉम्प्युटरला वायर, दुसऱ्या बाजूने हेडफोन, वर फिरवायची एक खुंटी आणि चालू असल्याचा लाल ठिपका.

तो पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो. चाचांनी टोपी काढून हेडफोन चढवला. मी एका घोडीचा व्हिडिओ लावला आणि खुंटी हळूहळू फिरवली. चाचांचे डोळे विस्फारले.

"अरे बाप रे! घोडी तं मन्हा टकुरामा चाली ऱ्हायनी!"

"मंग टकुरामाच ऐरण ठेवी द्या चाचा," दारातून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. चाचांनी ते ऐकलंच नाही. हेडफोन घातल्यावर त्यांना बाहेरचं काहीच ऐकू येत नसे. मान टापांबरोबर हलत होती. मग एकदम थांबून म्हणाले, "मांगला डावा." मागचा डावा पाय. घोडीच्या मालकाने दुसऱ्या दिवशी बघितलं तर नाल खरोखर सैल होती.

हेडफोन काढल्यावर मात्र ते डबीकडे जरा वेळ बघत बसले. लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, उचललं. "गोकुळ, जे इतलं जोडे येस ना, त्यानी माले भीती वाटस." मी हसलो. इतकं जवळ येणाऱ्या यंत्राची म्हाताऱ्याला भीती वाटते, असं मला वाटलं. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला कळलं नाही.

त्यांनी लगेच एक नियम घातला. डबीवर ऐकून फक्त एवढंच सांगायचं, की घोडा बघायला जाण्यासारखा आहे की नाही. बोल द्यायचा तो तिथे जाऊन, खुरावर हात ठेवून. "डबी रस्ता दावस. बोल हात देस." लोकांनी मान्य केलं, मीही केलं. पण डबीने फेऱ्या वाचत होत्या, आणि वाचलेली फेरी माणसाला लवकर गोड लागते. चाचांना खुंटी प्रत्येक वेळी थोडी जास्त फिरवावी लागते, हे मी बघत होतो. त्यावर मी काही बोललो नाही.

माझी थोरली बहीण खापर गावी दिलेली. दाजी लग्नाच्या वरातींसाठी घोड्या ठेवत. त्यांची जुनी घोडी थकली होती, लग्नसराई तोंडावर होती. गुजरातच्या हद्दीत एका गावात पांढरी घोडी असल्याचं त्यांना कळलं. विकणारा घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणत होता. दाजींनी मला फोन केला, "चाचांना घेऊन जाऊन ये. त्यांचा हात लागला की मी गाडी पाठवतो."

सेंटरवर तेव्हा फॉर्म भरायची गर्दी होती. मला जायचं नव्हतं, हे खरं कारण. मी विकणाऱ्याला सांगितलं, घोडी दगडी फरशीवर चालव आणि मोबाइल अगदी पायांजवळ धर. त्याने तसंच केलं. व्हिडिओत फक्त चार पाय दिसत होते. पण आवाज इतका स्वच्छ, की चाचा खूश झाले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "ताल सारखा शे. पन हात बाकी शे. मंगयवारे जाऊत." मंगळवारी जाऊ म्हणून त्यांनी पुन्हा हेडफोन चढवला. आवाज एवढा आवडला होता.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. त्यांची गाडी त्या गावाच्या वाटेवर, अक्कलकुव्याला रिकामी उभी होती.

"गोकुळ, चाचाना हात लागना का?"

चाचा माझ्या शेजारी बसलेले. डोळे मिटलेले, मान टापांबरोबर हलतेय, खुंटी शेवटापर्यंत फिरवलेली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, आणि त्यांना माझा एक शब्दही ऐकू येत नव्हता. दारात लोक फॉर्म घेऊन उभे होते.

हात लागला असं मी सांगून टाकलं. "हा, लागना."

घोडी त्याच दिवशी खापरला पोचली. मी चाचांना सांगितलं, दाजींनी परस्पर घेतली, आपली फेरी वाचली. चाचांच्या हातातला हातोडा थांबला. "हात नई लागना आनि लई लिधी?" एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ ते थंड लोखंडच ठोकत होते. मी खिडकी लावून घेतली. पुढे रोज सकाळी छपरात येऊन ते विचारत, "खापरतून फोन?" मी नाही म्हणायचो. "बरं," म्हणून ते भाता चालवायला बसत. तिकडे जाऊन हात लावून या, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

तिसऱ्या वरातीत घोडी पडली. खापरच्या कडक डांबरी रस्त्यावर, बँडच्या आवाजात, पुढचे दोन्ही पाय एकदम दुमडून. नवरदेव बाजूला फेकला गेला, वाचला. लगाम धरून पुढे चालणारे दाजी खाली सापडले. उजवा पाय मांडीपासून चिरडला. सुरतेच्या दवाखान्यात तो वाचवला म्हणतात, पण तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

दाजींचा भाऊ चार माणसं घेऊन सारंगखेड्याला आला. छपरासमोर सगळा बाजार जमला. तो म्हणाला, "चाचा, एकच इचारस. तुम्ही हात लायेल व्हता का नई?"

मी सेंटरच्या पायरीवर उभा होतो. चाचांनी प्रश्न त्याच्या ओठांवरून वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. घोड्याचा पाय मांडीवर घेतल्यावर ते जसे बघत, तसं बघितलं. मग त्यांनी उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

"लायेल व्हता. हात चुकना मन्हा."

माणसं निघून गेली. मी आत येऊन बसलो आणि दिवसभर फॉर्म भरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. "चाचा, तुम्ही खोटं कसाले बोलनात?"

"तुन्ही बहीन शे त्या घरमा," ते म्हणाले. नाल भट्टीत सरकवत पुढे म्हणाले, "एक पाय दुखना तं ताल मोडस. दोन्ही पाय सारखाच दुखनात तं ताल कसाले मोडी? ते डबी सांगत नई. हात सांगस. खूर गरम ऱ्हास." घोडीचे पुढचे दोन्ही खूर आतून सुजलेले होते. दोन्ही सारखेच. म्हणून फरशीवरच्या टापा इतक्या सुरेख पडत होत्या.

त्यानंतर चाचांकडे कुणी घोडा दाखवायला आणला नाही. नाल ठोकायला आणत, तेही गरिबांच्या टांग्याचे घोडे आणि भाराची खेचरं. बाजारात घोडे बघताना लोक त्यांच्या छपरावरून पुढे जात. 'चाचांचा हात' ही गोष्ट लोक आता हसून सांगत. माझं सेंटर मात्र चालत राहिलं.

कधी कधी दुपारी चाचा सेंटरमध्ये येत आणि म्हणत, "ती घोडी लाव." मला नको असायचं, पण मी लावायचो. ते स्वतः डबी जोडत, खुंटी शेवटापर्यंत नेत. पांढरे पाय फरशीवर पडत राहायचे. मला हेडफोनमधून बाहेर झिरपणारी बारीक टपटप ऐकू यायची. चाचा म्हणायचे, "देख, कितला सारखा." पुढे पुढे त्यांना डबीतूनही ऐकू येईना. तरी ते हेडफोन घालून पडद्याकडे बघत मान हलवत, आणि ताल अचूक असे.

एकदा मी धीर करून म्हणालो, "चाचा, मी दाजींना खरं सांगून टाकतो." त्यांना कळावं म्हणून मी सावकाश, ओठ स्पष्ट हलवून म्हणालो. त्यांनी हेडफोन उतरवून डबीशेजारी ठेवला. मग म्हणाले, "तू बी लंगडस, मी बी लंगडस. सारखाच. म्हनीसन गावले आयकू येत नई." उठता उठता त्यांनी माझ्या मनगटावर तळहात टेकवला, डोळे मिटले. "मी गऊ की मंग आयकू ई." ते गेल्यावर गावाला ऐकू येईल, असं म्हणून ते छपराकडे निघाले.

यंदा यात्रेच्या बाजारासाठी घोडे तापीच्या पुलावरून गावात यायला लागले, त्याच आठवड्यात चाचा गेले. कब्रस्तानापर्यंत मी खांदा दिला. रस्त्याने जाताना बाजूला बांधलेले घोडे टापा आपटत होते. मला वाटलं, सगळे माझ्याच पावलांकडे कान देऊन उभे आहेत.

आज दुपारी ताईचा फोन आला. म्हणाली, "तुझे दाजी निघालेत तिकडे. चाचांच्या घरी जाऊन येतो म्हणाले. बोलले, म्हातारा एकदाच चुकला, त्याच्यावर मी फार राग धरला, माफी मागून येतो." मी फोन ठेवला. टेबलावर डबी होती. मी तिची वायर काढली. लाल ठिपका विझला.

संध्याकाळी गल्लीत पावलं वाजली. एक पूर्ण, एक ओढलेलं, मध्ये काठी. एका पायाचं दुखणं, कुणालाही ऐकू येईल असं. ती पावलं चाचांच्या घराकडे वळायच्या आत मी पायरी उतरलो.

"दाजी," मी म्हणालो, "माफी मागायला तिकडे जाऊ नका. आधी इथे बसा."