डोळ्यांतलं पांढरं

"चिरायचं नाही, टाका नाही," डॉक्टर म्हणाले. "आत बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी धुरकट झालीय. लेझरनं तिला भोक पाडायचं. पाच मिनिटं." मुलगा लगेच तयार झाला. मी नको म्हणाले आणि वर्षभर नकोच म्हणत राहिले. भाकरी करपली, जिन्यावर पाय चुकला, तरी नको. म्हातारी घाबरते, असं लोकांना वाटायचं. घाबरत नव्हते. त्या डोळ्यावर माझा राग होता.

डावा डोळा पहिल्यापासून अधू. उजव्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि समोर हे दिसले, माझे मालक. खिडकीतल्या उन्हात उभे. सदरा पांढरा लख्ख, आणि डोळे पिवळे.

"तुम्ही पिवळे दिसताय की हो."

हे हसले. "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतंय म्हणत्यात. तुलाच झाली का काय बघ."

जाऊबाईंचं ऑपरेशन माझ्याआधी झालेलं, म्हणून त्या अर्ध्या डॉक्टर. "मला बी आठ दिवस समदं निळं दिसत हुतं. नवा डोळा हाय, बसू दे की जरा." मुलगाही म्हणाला, रंग बदलतातच. मग मीही हसले. सदरा पांढरा दिसत होता, हे तरी माझ्या टाळक्यात यायला हवं होतं. बाकीच्यांचं काय, ते यांना रोज बघत होते. रोजच्या बघण्यात हळूहळू झालेलं कळत नाही. नवा डोळा एकट्या माझ्याकडे होता.

यांचं पोट आधीपासून दुखायचं. "आदी तुजं डोळं हू दे, मग माजं बघू," म्हणायचे. दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात थेंब घालायला वाकायचे. ते पिवळे डोळे माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर, दिवसातून चार वेळा, तीन आठवडे. आणि मी रंग कधी बसतोय याची वाट बघत होते.

तपासणीला गेलो तेव्हा मी हसतहसतच सांगितलं, "आमचे हे अजून पिवळेच दिसतात." डॉक्टरांनी माझा डोळा सोडला, यांना खिडकीशी नेलं आणि खालची पापणी ओढून बघितली. मग कुणीच हसलं नाही. स्वादुपिंडात गाठ निघाली. दिवाळी काही यांनी बघितली नाही. तीन आठवडे आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी कुणालाच विचारलं नाही.

पुढं त्या डोळ्यावर पुन्हा साय धरली, तेव्हा मला बरंच वाटलं. काय बघायचं राहिलं होतं?

पण गेल्या महिन्यात मुलगा जेवताना ताटावरून उठला. पोट दुखतंय म्हणाला, ॲसिडिटी असेल. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. नाक, मिशी, एवढंच. डोळे कसे आहेत, कळेना. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "चल, लेझर करून घेऊ."

थेंब घालून तासभर बसवलं. मग यंत्रावर हनुवटी टेकवली, कपाळ त्याच्या पट्ट्याला लावलं. लाल ठिपका आणि बारीक टकटक. दुखलं काहीच नाही, याचाही राग आला. बाहुली मोठी केलेली, त्यामुळे त्या दिवशी नुसता उजेड डोळ्यात घुसत राहिला. घरी येईपर्यंत मी पदर डोळ्यावरून काढला नाही.

सकाळी त्याला अंगणात उन्हात उभं केलं. "वर बघ," म्हणत अंगठ्यानं पापणी खाली ओढली. माझ्या नजरेत काळे ठिपके पोहत होते, चार दिवस दिसतील असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते बाजूला सरेपर्यंत थांबले. दुसरा डोळा बघितला. परत पहिला.

"पांढरे आहेत ना, आई?"

"दिसतायत पांढरे."

"मग झालं तर."

"चप्पल घाल," मी म्हणाले. "दवाखान्यात जायचंय. मला काय दिसतं त्यावर जाऊ नको."

तो हसला नाही. चप्पल शोधायला लागला.