मिरच्यांचा परवाना

पुडी मी माझ्याच अर्जावर ठेवली.

आता ही काही करायची गोष्ट आहे का? समोर एवढं मोठं टेबल, आणि गरम भज्यांची पुडी मी नेमकी स्वतःच्या अर्जावर ठेवली. तेल खाली उतरलं. कारकुनानं फुटपट्टीनं पुडी बाजूला केली तेव्हा माझं नाव, गाव, वय, सगळं एका पिवळ्या डागात गेलं होतं. कागदातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"अर्ज बी तळून आणला का रे?" कारकून म्हणाला.

परवान्याच्या हापिसात सहा-सात माणसं होती. सगळी हसली. सगळ्यात आधी मी हसलो. मला वाटलं, साहेब मजा करून राहिले, म्हणजे काम होणार.

मोठ्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं झाली होती. कळमनुरीच्या अलीकडचं एक बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, तिथं आमचे सोयरे आहेत. दुष्काळात रस्त्याच्या कामावर माझ्या बायकोनं चूल मांडली होती आणि मी तळायला शिकलो होतो. खडी फोडणारे सगळ्या जातीचे होते. आमच्या कढईतले भजे त्यांनी उभ्या-उभ्या खाल्ले, कोणी काही विचारलं नाही. मग पाऊस झाला, घराघरात ज्वारी आली आणि विचारपूस सुरू झाली.

आठवडी बाजारात शिजवलेलं-तळलेलं विकायचं तर परवाना लागेल, असा नियम नवाच आला होता. दवाखान्यातून रोग नसल्याचा दाखला, मालावर जाळी, पाण्याच्या भांड्यावर झाकण. मी सगळं केलं होतं. जाळीचं कपाट तर सुताराकडून असं घट्ट करून घेतलं होतं, की माशीचं सोडा, माझाच हात आत जाताना अडकायचा.

परवान्याच्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मालाची पुडी न्यायची आणि हापिसातल्यांनी चाखायची, हे मात्र नियमात नव्हतं. ती रीत होती. जिलेबीवाल्याची जिलेबी त्यांनी चाखली. चिवडेवाल्याचा चिवडा चाखला. हॉटेलवाल्याचे भजे शिपायानं दोनदा चाखले. माझी पुडी फुटपट्टीच्या टोकानं सरकत सरकत टेबलाच्या काठाला गेली आणि खाली पडली. मुद्दाम पाडली असं मी म्हणत नाही. फुटपट्टी थांबली नाही, एवढंच.

भजे घरंगळले. मी वाकून एकेक गोळा केलं. रुमालानं फरशी पुसली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पुसली.

वरून कारकुनाचा आवाज आला, "तुमच्या हातचं शिजलेलं कोण खाईल रे? बाजार उठायचा आमचा."

आम्ही बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या जिभेवर जुनंच नाव होतं. ते त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मग त्यानं एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं, 'कच्चा माल, मिरच्या विकण्यास परवानगी.' शिक्का मारला.

"घे. तुला बी परवाना. खूश?"

"लई उपकार झाले, साहेब," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. दुसरं कोणी म्हणालं असतं तर आज मी त्याची टिंगल केली असती.

राग आला का, असं माझी लेकरं विचारतात. नाही आला. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं माझं अख्खं अंग झालं होतं. घरी आलो. जेवलो. झोपलो. जाळीच्या कपाटात बायकोनं अंड्यावर कोंबडी बसवली.

पुढं एक पावसाळा, एक हिवाळा मी मिरच्या विकल्या. परवाना प्लास्टिकच्या कागदात घालून खिशाला टाचणीनं लावायचो, दिसावा म्हणून. माझ्यासमोरच हॉटेलवाल्यानं पाल ठोकलेलं. तो दर बाजाराला माझ्याचकडून मिरच्या न्यायचा, चिरायचा, पिठात बुडवायचा, तळायचा. माझ्या हातची मिरची त्याच्या तेलात पडली की सगळ्यांना चालायची. हे मी दर आठवड्याला डोळ्यानं बघत होतो. बघत होतो आणि मिरच्यांवर पाणी शिंपडत होतो.

एका बाजाराला कारकून आला. हॉटेलवाल्यापाशी उभा राहून त्यानं मिरचीचं भजं खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"झणझणीत हाय रे! मिरची कुठली?"

हॉटेलवाल्यानं हनुवटीनं मला दाखवलं.

कारकून माझ्याकडं बघून हसला. "बघ, ज्याला त्याला बराबर काम वाटून दिलं का न्हाई मी?"

मी मान हलवली. होकाराची.

तो गेला. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारी वांगी घेऊन बसायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती सगळं बघत होती.

"मान काहून हलवून राहिला रे? अन् छातीला ते काय लावलं?"

"परवाना हाय, मावशी. मिरच्यांचा."

"मिरच्याला कशाचा आलाय परवाना? म्या म्हातारी झाले वांगे इकून इकून, मला न्हाई कोणी कागद दिला. आज मिरच्याला परवाना, उद्या कोथमिरीची लगीनपत्रिका काढशील!"

ती खो-खो हसली. तिच्या बाजूची लसूणवाली हसली. मी तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. लसूणवालीकडं कागद नव्हता. गूळवाल्याकडं नव्हता. अख्ख्या बाजारात कच्च्या मालाचा परवाना असलेला मी एकटा होतो.

"मावशी, मिरच्या बघ जरा," म्हणालो, आणि हापिसाकडं निघालो.

जेवायची सुट्टी होती. दार बंद. एरवी ते दार व्हरांड्यात उघडायचं आणि भिंतीला टेकायचं. आज बंद होतं म्हणून दिसलं, त्या भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला होता. म्हणजे हापीस चालू असलं की नियम दाराआड.

मी सातवी पास. बोट ठेवून वाचलं. परवाना फक्त शिजवलेलं, तळलेलं विकणाऱ्याला. भाजीपाला, धान्य, मिरची यांना लागत नाही. खाली अटी. दाखला, जाळी, झाकण. हात कोणाचा असावा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी परत वरून वाचलं. नव्हतं.

बधिर पायात रक्त उतरलं की आधी मुंग्या येतात, मग दुखतं. ते दुखणं आता सुरू झालं. कारकुनाचा राग नंतर आला. आधी त्या 'लई उपकार'चा आला.

कारकुनानं आतून दार उघडलं आणि मी दार आणि भिंत यांच्या मधे चेपलो. मोठ्या कामाला निघालो होतो, आणि सुरुवात अशी. नाक चोळत बाहेर आलो. टाचणी काढून कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, हे परत घ्या. मिरच्याला लागत न्हाई, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

"मग?"

"भज्यांचा द्या. अटी पुऱ्या हायत."

"तुला तवाच सांगितलं होतं ना?"

"तोंडी सांगितलं. आता तेच कागदावर लिहा. माझ्या हातचं कोणी खाणार न्हाई म्हणून परवाना देत न्हाई, असं. खाली सही करा."

शिपाई हातातली कपबशी घेऊन तसाच उभा राहिला. कारकुनानं पेनाचं टोपण काढलं. कागद सरळ केला. बराच वेळ निब कागदाच्या वर धरली. हे वाक्य बोलायला सोपं आहे, आणि लिहिलं की गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं.

त्यानं टोपण परत लावलं.

"उद्या ये."

"आजच लिहा."

मी व्हरांड्यात बसलो. हापीस सुटेपर्यंत बसलो. तो मागच्या दारानं घरी गेला. परवाना दिला नाही, नकारही लिहिला नाही. मी जिंकलो असं कोणी समजू नका. माझ्या मिरच्या मात्र मावशीनं विकून टाकल्या होत्या.

घरी दिवेलागणीला बायकोला सगळं सांगितलं. दारामागं चेपलो ते जरा रंगवून सांगितलं. ती हसली नाही. मग मी सरळ म्हणालो, येत्या बाजाराला मिरच्या नेणार नाही, कढई नेणार. कागद असो नसो. त्या टेबलाकडं मागायला परत जाणार नाही.

तिनं कपाटातली कोंबडी उचलून बाहेर सोडली. जाळी पाण्यानं खळखळून धुतली. मग म्हणाली,

"मी बी येते. चूल मी पेटवीन. ज्याला इझवायची असंल त्यानं पाण्याची घागर घेऊन यावं, अन् माझ्या तोंडाकडं बघून इझवावी."