उमाबाई पाण्यात उतरल्या

साठीला टेकलेल्या उमाबाईंनी उभ्या आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घातला नव्हता. माहेर शिरूर अनंतपाळचं. भाऊ दिवसदिवस विहिरीत डुंबायचे, पण पोरींना विहिरीच्या काठाशीही जाऊ देत नसत. लग्न होऊन लातूरला आल्या, तर इथं पिण्याच्या पाण्याचीच मारामार. नळाला कधी आठवड्यानं पाणी, कधी त्याहून उशिरा. अशा गावात पोहायला शिकावं, हे कुणाच्या डोक्यात यावं?

पण नातीच्या, सुकन्याच्या डोक्यात ते आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं हट्ट धरला आणि सार्वजनिक जलतरण तलावावर लहान मुलांच्या वर्गात तिचं नाव घातलं गेलं. मुलगा-सून दोघं नोकरीवाले, नवरा वीरभद्र किराणा दुकानात. त्यामुळं सकाळी नातीला रिक्षातून नेणं-आणणं उमाबाईंकडं आलं. बाकीच्या बायांसोबत त्या लिंबाखालच्या कट्ट्यावर बसायच्या. बायका मोबाइलमध्ये डोकं घालायच्या, पण उमाबाई नातीवरची नजर हलू देत नसत.

आणि नजर असतानाच ते घडलं.

वर्ग सुरू व्हायचा होता. सुकन्या कडेचा दांडा धरून, एकेक हात सरकवत खोल पाण्याकडं निघाली होती. तिचा हात निसटला. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. तोंड आभाळाकडं, उघडं, पण आवाज नाही. उमाबाईंना वाटलं, पोर खेळतेय. बुडणारं माणूस हाका मारतं, हातपाय आपटतं, असंच त्या समजत होत्या. काहीतरी बिनसलंय हे कळलं तेव्हा त्या उठल्या, पण ना ओरडल्या, ना धावल्या. तेवढ्यात शिकवणाऱ्या पुनमनं धाडकन उडी घेतली आणि पोरीला बगलेत धरून काठावर आणलं.

सुकन्या खोकली, रडली. पुनमनं तिला दवाखान्यात दाखवून आणायला लावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक निघालं, आणि बाहेर पडताच पोरगी इडली मागायला लागली. उमाबाईंच्या घशाखाली मात्र त्या दिवशी घास उतरला नाही.

संध्याकाळी दुकानात जाऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी बघतच होते हो. डोळ्यांदेखत लेकरू बुडत होतं आन् मला वाटलं, खेळतंय."

वीरभद्र म्हणाले, "वाचली ना? झालं तर मग. उद्यापासून न्हाई पाठवायचं."

"पाठवायचं. आन् मी बी जाणार. मला पवायला शिकायचंय."

वीरभद्रांनी आधी बायकोकडं बघितलं, मग ते हसत सुटले. गिऱ्हाईक थांबलंय हेही विसरले. उमाबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांना कळलं की ही बाई बोलली ती करणार.

पुनम मूळची भोकरची, लग्नानंतर लातूरला आलेली. उमाबाईंनी विचारलं तेव्हा ती अजिबात हसली नाही. "दुपारी बायकांची वेळ असते. या की आज्जी," एवढंच म्हणाली. उमाबाईंना दोन अडचणी होत्या. एक कपड्यांची. ती सुनेनं सोडवली, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणून दिला. दुसरी त्यांनी दबक्या आवाजात सांगितली. "आमी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग हाय बाई. ते मी काढत नसते."

"काढायचं कशाला? कापडात गुंडाळून घट्ट बांधा. कुठं जात न्हाई ते."

पहिले काही दिवस उमाबाई नुसत्या दांड्याला धरून फुगे काढत होत्या. नाकात पाणी गेलं की डोळे पांढरे व्हायचे. गुडघे दुखायचे. कट्ट्यावर आता सुकन्या बसलेली असायची. "आज्जी, पोट वर! पोट वर कर!" असं ती तिथून ओरडायची आणि बाकीच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

मग एका दुपारी पुनमनं मानेखालचा हात हळूच काढून घेतला, आणि उमाबाई बुडाल्या नाहीत. कान पाण्यात गेल्यामुळं सगळा गलका बंद झाला. वर नुसतं पांढरं आभाळ, एक घार फिरत होती. लग्नकार्यं, बाळंतपणं, दुकान, पाण्याच्या घागरी, सगळ्याचं ओझं उचलत आलेलं ते अंग पहिल्यांदाच कुणीतरी अलगद तोलून धरलं होतं. त्यांना रडू आलं. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही.

पावसाळा संपेपर्यंत त्या तलावाची रुंदी पार करायला लागल्या. वीरभद्र स्वतः स्कुटीवर सोडायला यायचे, आणि दुकानात कुणी विषय काढलाच तर "आमची मंडळी पवायला जाते," असं ऐटीत सांगायचे.

पुनम सगळ्या बायकांना आणखी एक गोष्ट शिकवायची. कुणी बुडताना दिसलं तर आंधळेपणानं उडी मारायची नाही. आधी ओरडायचं, तरंगणारं काहीतरी फेकायचं, दोरी, काठी, ओढणी पुढं करायची. उतरायचंच झालं तर दोरी बांधून.

वेळा अमावास्येला, मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला, सगळं कुटुंब शिरूरला भाच्याच्या, मृत्युंजयच्या शेतात गेलं. ज्वारी कमरेला लागत होती. कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढं पूजा झाली, मिसळीच्या भाज्यांच्या भज्जीचा वास सुटला, आंबिलाचं मडकं उघडलं गेलं. बायका पंगतीच्या तयारीला लागल्या. मृत्युंजयची पाच वर्षांची शिवकन्या चेंडू घेऊन कधी शेततळ्याकडं गेली, कुणालाच कळलं नाही.

उमाबाईंनी कोपीपासून बघितलं. शेततळ्याच्या मातीच्या बांधावर चेंडू होता, पोरगी नव्हती. त्या धावल्याच. खाली काळ्या प्लॅस्टिकच्या उतारापलीकडं एक डोकं पाण्याशी वर-खाली होत होतं. तोंड उघडं. आवाज नाही.

"शिवू पाण्यात पडली!" या वेळी त्यांचा आवाज पलीकडच्या शेतात गेला.

मृत्युंजय आला तो थेट उडी टाकायलाच निघाला. उमाबाईंनी त्याचा शर्ट मुठीत धरला. "तुला पवता येतं का?"

"आत्या, सोड! माझी पोरगी हाय!"

"येतं का? न्हाई ना? त्या प्लॅस्टिकवरून तुला वर बी येता यायचं न्हाई. कासरा आण. बैलाचा कासरा!"

तो वळला. मृत्युंजयच्या पिढीच्या लहानपणी विहिरी कोरड्याच असत. पोहायला शिकणार कुठं? तोवर उमाबाईंनी पिण्याचं पाणी आणलेला प्लॅस्टिकचा कॅन उपडा केला, टोपण घट्ट लावलं आणि पोरीच्या पुढ्यात फेकला. एकदा पोरीचा हात लागला, कॅन निसटला. कासरा आला. उमाबाईंनी तो स्वतःच्या छातीभोवती बांधला, निऱ्या वर खोचल्या. "दोघं-तिघं धरा. मी म्हटलं की ओढा."

त्या उतारावरून घसरत पाण्यात गेल्या. पाणी बर्फासारखं होतं. लुगडं पायांत आलं. पण हात चालले, दोन्ही हात, तलावावरच्या त्या सगळ्या दुपारांसारखे. पोरीच्या मागून जाऊन त्यांनी तिला काखेत धरलं, तिचं तोंड वर केलं. "ओढा!"

बांधावर आणल्यावर पोरीनं पाणी ओकलं आणि मग भोकाड पसरलं. मृत्युंजयनं अंगातला शर्ट काढून तिला गुंडाळलं. तिला लगेच गाडीत घालून शिरूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. पंगत दिवे लागल्यावर घरीच बसली. भज्जी गार झाली होती, तरी सगळ्यांनी पोटभर खाल्ली. मृत्युंजयनं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाया नको पडू. आधी तळ्याला जाळी मार."

आठवडाभरात जाळी लागली. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले, टायरची ट्यूब खुंटीला अडकवली. शेजारच्या दोघांनी ते बघून आपल्याही तळ्यांना तसंच केलं.

उन्हाळ्यात शिवकन्या लातूरला पोहायला शिकायला आली. तिच्याबरोबर तिची आजी, म्हणजे उमाबाईंची भावजय पार्वतम्मा. त्या बिदरकडच्या, घाबरल्या की कानडीतच बोलतात. पहिल्याच दुपारी त्या तलावाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि नणंदेचा दंड दोन्ही हातांनी आवळून "ब्याडा, ब्याडा!" करायला लागल्या. नको म्हणजे नकोच.

"आवं वहिनी, कमरेएवढंच हाय," उमाबाई म्हणाल्या आणि त्यांना घेऊन एक पायरी खाली उतरल्या.