पेंढ्याचं अंथरूण

मढच्या रखमाजींचा खोकला २००२च्या भातकापणीनंतर सुरू झाला की त्याआधीच, याविषयी घरात एकमत नव्हतं. थुंकी तपासली तेव्हा क्षयाचे जंतू सापडले नव्हते. तरीही ताप, ढास आणि झडत चाललेलं अंग पाहून गावाने निदान करून टाकलं. घरात नात समृद्धी नुकती रांगू लागली होती. रखमाजींचं ताट-तांब्या वेगळं झालं आणि अंथरूण गोठ्यालगतच्या पडवीत गेलं.

ते घातलं त्यांच्या बायकोने, धोंडाबाईंनी. नवऱ्याला घराबाहेर काढल्याची बोच जाईना, म्हणून त्या रोज पेंढा झाडून, मोकळा करून घोंगडीखाली जाड पसरत. त्या साली कापणीत पाऊस लागला होता. पेंढा ओलाच रचला गेला आणि आतून पांढुरका पडला. आधी रखमाजी तो गुरांना घालत तेव्हा आणि आता झाडताना धुरळा उडे.

"राजावानी निजवलंस की," रखमाजी म्हणत. "लग्नात बी येवढी मऊ गादी नव्हती."

"गप निजा. बोललं की ढास लागती."

पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आठवड्याभरात ते हिंडू-फिरू लागले. घरी परतले आणि पुन्हा संध्याकाळचा ताप. असं दोनदा घडलं. दोन्ही वेळा श्रेय औषधाला मिळालं आणि दोष नशिबाला.

अखेर मुलगा गोरख दोघांना जीपने नारायणगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, रखमाजींना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "हे निजतात कुठं?"

धोंडाबाईंनी सांगितलं. पेंढ्याचंही सांगितलं, थोड्या अभिमानानेच.

"मावशी, हा क्षय नाही," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात. त्यांना आतून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अस्तर असतं. पेंढ्यावरची बुरशी तिथं बसली, की अस्तराच्या पेशी हाक मारतात आणि शरीराच्या राखणदार पेशी धावून येतात. रोज बुरशी, रोज हाक. शेवटी राखणदारांच्या माऱ्यात अस्तरच जळतं, वण धरतो. वणातून श्वास आत जात नाही."

"पेंढा काढला तर?"

"काढाच. नवे वण थांबले तर थांबतील." जुन्यांविषयी ते बोलले नाहीत. धोंडाबाईंनीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी रखमाजींना माजघरात घेतलं. सारवलेल्या भुईवर घोंगडी अंथरली. ते कुशीवर वळले, पुन्हा उताणे झाले.

"काय म्हणला गं डॉक्टर?"

"दमा हाय. आतच निजा म्हणला."

"आत बरंय. पन भुई लई टोचती. जरा पेंढा आन की, तुझ्या हातचा."

धोंडाबाई उठल्या. आपली दोन लुगडी घडी करून त्यांच्या पाठीखाली सारली. पेंढा का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. पौषात रखमाजी गेले, तोवर रोज रात्री ते मागत राहिले आणि त्या लुगड्यांच्या घड्या वाढवत राहिल्या.