डाव्या हाताचा पास

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि "न्हाई" म्हणाले.

मी त्यांच्या चाकूरच्या घरी बसलो होतो. नांदेडच्या एका क्लबच्या महिला बास्केटबॉल टीमचा मी कोच. आम्हाला सेंटर हवी होती. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, टीममधली सगळ्यात उंच खेळाडू. आमच्याकडे तशी कुणी नव्हती. या सीझनलाही पहिल्याच फेरीत हरलो, तर महिला टीम बंद करून ग्राउंड संध्याकाळी क्रिकेटवाल्यांना द्यायचं, असं क्लबच्या सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची मुलगी वैष्णवी बीएच्या पहिल्या वर्षाला होती. दाराच्या चौकटीतून येताना ती मान झुकवायची.

किट, प्रवासखर्च, सर्टिफिकेट, नोकरीतला खेळाडू कोटा, सगळं माझं सांगून झालं होतं.

"सर, हेच सांगायला तुमच्या आधी एक जण आले होते," वडील म्हणाले. "पोरगी गेली त्यांच्या टीममधी. वर्षभर बास्केटखाली हात वर करून उभी राहिली. बॉल कुणीच देईना. घरी आली अन् बूट माळ्यावर टाकले."

मी उठलो. दारापर्यंत सोडायला आलेले वडील म्हणाले, रविवारी नांदेडला लग्न आहे, वेळ मिळाला तर पोरीला ग्राउंड दाखवू. ते सभ्यपणे कटवत आहेत, असं मी समजलो.

परत येऊन मी हे अक्कांना सांगितलं. उज्ज्वला कांबळे आमच्या सगळ्यात जुन्या खेळाडू. मूळच्या देगलूरच्या; तिकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या अक्का. दिवसा जिल्हा परिषदेत क्लार्क, संध्याकाळी आमच्या गार्ड. गार्ड बॉल पुढे आणते आणि कुणाला द्यायचा ते ठरवते. अक्कांचा गुडघा गेला होता. हा शेवटचा सीझन, तोही झेपेल तितकाच, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

"ग्राउंडवर येऊ द्या," अक्का म्हणाल्या. "तुम्ही बोलू नका फक्त."

रविवारी दुपारी वैष्णवी खरंच आली. अंगावर लग्नातला ड्रेस, हातात बुटांची पिशवी. वडील फेटा काढून भिंतीला टेकून उभे राहिले.

"लग्नातून थेट?" ऋतुजा हसली. ऋतुजा आमची दुसरी गार्ड. हात चांगला, पण बॉल मिळाला की स्वतःच मारणार.

"मग आहेर कर तिला," अक्का म्हणाल्या. "बॉल दे."

खेळ सुरू झाला. ऋतुजाने बॉल दिला नाही. वैष्णवी हात वर करून उभी. शेवटी दिला तेव्हा सवयीप्रमाणे उजव्या हाताला दिला. वैष्णवीने तो डाव्या हातात घेईपर्यंत समोरची मुलगी आडवी आली.

अक्का बाकावरून उठून आत आल्या. "डावखुरी हायस का गं?"

"हाव."

"मग सांगायचं की! देव हाय का मी, वळखायला?"

त्यानंतरचा प्रत्येक पास डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर गेला. वैष्णवीला फक्त वळायचं होतं. ती वळली, बॉल आत. पुन्हा वळली, पुन्हा आत. एकदा बॉल तिच्या हातून सुटला. ती खाली बघू लागली.

"माझी चूक," अक्का ओरडल्या. "खाली दिला मी. चल."

पास बरोबर होता. मला दिसलं, ऋतुजालाही दिसलं.

खेळ संपल्यावर वैष्णवीने विचारलं, "अक्का, तुम्ही सीझनभर असणार ना?"

"असणारच," मी म्हणालो.

"सर, थांबा." अक्का तिच्याकडे वळल्या. "गुडघा गेलाय माझा. दिवाळीपर्यंत ओढीन. पुढं न्हाई."

पोरगी हातची गेली, असं मला वाटलं.

"मग तिनं कुणाच्या भरवशावर यायचं?" वडिलांनी विचारलं.

अक्कांनी ऋतुजाला पुढे ओढलं. "हिच्या. तवर शिकवते हिला. न्हाई शिकली, तर पोरीला मीच चाकूरला आणून सोडते."

"अक्का, माझी इज्जत घालवून राहिलीस तू," ऋतुजा म्हणाली.

"आधी पास शिक. मग इज्जत."

वडील भिंतीपासून पुढे आले. मग म्हणाले, "जे व्हनार न्हाई ते न्हाई म्हणून सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या." त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती बूट काढायला तयार नव्हती.

अक्का दिवाळीपर्यंत खेळल्या. नंतर ग्राउंडच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागल्या. ऋतुजाचा पास उजवीकडे गेला की खुर्चीवरून आवाज यायचा, "डावा!" स्पर्धेत आम्ही पहिली फेरी जिंकलो, दुसरी हरलो. ग्राउंड आमच्याकडे राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात देगलूरच्या दोन मुलींचा फोन आला. मी किटपासून सुरुवात केली. त्यातल्या एकीने मध्येच विचारलं, "सर, अक्का येतात का अजून?"

"त्या आता खेळत नाहीत."

"ते माहीत हाय, सर. येतात का?"

येतात, असं मी सांगितलं. दोघी पुढच्या रविवारी हजर झाल्या. किट आणि कोट्याची माहिती मी आजही देतो, पण खेळ झाल्यावर. तोपर्यंत बहुतेकींचं ठरलेलं असतं.