फ्रेंच कायद्यातले बाबा

हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मला रोज डुलकी लागायची, आणि त्या डुलकीत फ्रान्सचं सरकार यायचं. हौसेनं शिकलेल्या फ्रेंचमुळे ही नोकरी मिळाली होती. फ्रान्समधल्या एका नगरपालिकेचं काम कंपनीला हवं होतं, म्हणून त्यांचा आणि आपला सरकारी कंत्राटांचा कायदा शेजारी शेजारी मांडून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आपला कायदा इंग्रजी वळणाचा. करार केला की सरकार काय आणि कोपऱ्यावरचा वाणी काय, साधारण सारखेच. भाव ठरला, सही झाली, विषय संपला. फ्रेंच सरकारचा थाट वेगळा. ते अर्ध्यावर काम बदलायला सांगू शकतं आणि ते ऐकावं लागतं. पण कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं संकट येऊन सगळा हिशेबच उलटापालटा झाला, तर ते कंत्राटदाराला वाऱ्यावर सोडत नाही, तोट्यातला बराच भार उचलतं. अट अशी, की त्यानं काम थांबवलेलं नसावं.

बस वाकडला अडकली होती. ती अटीची ओळ मी पुन्हा वाचली आणि खिडकीबाहेरच्या उन्हात मला बाबा दिसले. हडपसरच्या शाळेच्या स्लॅबवर, डोक्याला ओला रुमाल बांधून उभे.

बाबा छोटे सरकारी कंत्राटदार. बाजार मोकळा झाला त्या काळात लोखंड आणि सिमेंट भडकलं, तेव्हा ती शाळा निम्मी झाली होती. त्यांच्या ओळखीतल्या बहुतेकांनी हातातली कामं सोडून दिली. बाबांनी शाळा पुरी केली. वाढलेला खर्च सरकारकडून मिळावा म्हणून ते कोर्टात गेले, तर काम महाग पडलं म्हणून करार बदलत नाही, असं कोर्टानं सांगितलं. मग ते बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानात नोकरीला लागले, आणि नातेवाइकांत त्यांचा भोळा सांब झाला. लग्नकार्यात त्यांच्यावरून हशा पिकायचा. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

रविवारी दुपारी मी त्यांना ते सगळं समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली असेल असं मला वाटलं.

"म्हणजे तिथं मी काम थांबवलं असतं, तर हक्क गेला असता?"

"हो बाबा."

"हे तुझ्या आईला सांग. माझ्यासमोर."

आई आत मटार सोलत होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि कागदावरून पुन्हा पहिल्यापासून वाचून सांगितलं. ती शांतपणे ऐकून बाबांकडे वळली.

"मी कधी तुम्हाला वेडं म्हटलं का हो?"

"नाही. पण शहाणाही म्हणाली नाहीस."

मी उगाच कागद सारखे करत बसले. आईनं हातातली परात खाली ठेवली, खुर्ची ओढून बाबांच्या अगदी शेजारी घेतली आणि बसली.

"परत वाच," ती मला म्हणाली. "आधी त्या फ्रेंच लोकांच्या भाषेत वाच. सावकाश."