जेवायला कुणाशेजारी बसतात, हे विचारणाऱ्या डॉक्टरताई

डॉ. वासंती देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या शर्टामुळे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात शर्टाची गोष्ट शोभते का, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "शिर्के, तुम्ही लिहा तर खरं." म्हणून लिहितो.

चिपळूणहून आयटीआयचं सुतारकाम शिकून मी दुबईत आलो. फोरमन झालो, मग दुकानांची आतली सजावट करणारी छोटी कंपनी काढली आणि तिथल्याच करामा भागात भाड्याचा फ्लॅट घेऊन कुटुंब आणलं. त्याच वर्षी घरात दोन खोकले सुरू झाले. एक माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, आणि दुसरा माझी मुलगी सई हिचा. ती तेव्हा पहिलीत होती. दादांना एका डॉक्टरांकडे नेलं, सईला दुसऱ्यांकडे. दोघांचीही औषधं झाली, खोकले काही हटेनात. मग कुणीतरी सांगितलं, "तुमच्याच गल्लीत देवस्थळी डॉक्टरीणबाई आहेत, त्या घरादाराला एकदम बघतात."

डॉक्टरताईंनी आजोबांना आणि नातीला एकाच वेळी आत घेतलं. दोघांच्या छातीला आलटून पालटून नळी लावली. मग वळून मलाच विचारलं, "शिर्के, कामावरून आलात की तुम्ही कुठे बसता?"

मी म्हटलं, "सोफ्यावर."

"आणि हे दोघं?"

"दादा माझ्या शेजारी. सई मांडीवर."

"कपडे बदलून?"

मी खाली बघितलं. शर्टावर दिवसभराचा एमडीएफच्या फळ्यांचा बारीक भुसा. डॉक्टरताई म्हणाल्या, "औषध दोघांना थोडंच देते. मुख्य औषध तुमच्या शर्टाला." त्या दिवसापासून मी दारातच कपडे बदलू लागलो आणि महिन्याभरात घर शांत झालं. आधीच्या दोन्ही डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. एकाने म्हातारा बघितला, एकाने मूल बघितलं. सोफा कुणी बघितला नव्हता.

डॉक्टरताईंची कामाची हीच रीत. सगळे विचारून थांबतात, तिथे त्या आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो साधा असतो. उत्तर येईपर्यंत घाई करत नाहीत. माझा धंदा कान उघडे ठेवून चालतो. इथले साहेब हसत हसत "इन्शाल्ला", म्हणजे देवाची मर्जी असेल तर, म्हणाले की काम मिळतं आणि घड्याळ बघत "इन्शाल्ला" म्हणाले की मिळत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. पण माझ्याहून तिखट कान मी फक्त डॉक्टरताईंचे पाहिले.

मग २००८ची मंदी आली. ज्यांनी ती इथे काढली त्यांना सांगायला नको. क्रेन हात वर करून तशाच उभ्या राहिल्या. मला एका बिल्डरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "हबीबी, यल्ला, चला, काम सुरू करा, कागद मागून येतील." मी सुरू केलं. कागद आले नाहीत, पुढे हबीबीही दिसला नाही. कंपनी बुडाली नाही एवढंच. दोन वर्षं मी कॅफेटेरियांची काउंटरं बनवून दिवस काढले.

त्या दिवसांत करामातली बिऱ्हाडं पटापट परत जात होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की चंबूगबाळं आवरायचं. डॉक्टरताईंनी आपल्या सगळ्या पेशंटांना निरोप धाडला होता, "निघण्याआधी एकदा येऊन जा. फीचं बघू नका." गावी औषध कुठे मिळेल, कोणता डॉक्टर बघेल, याची सोय लावूनच त्या एकेकाला सोडत. माझ्याकडे साळुंखे नावाचे ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या मुलाला जन्मापासून हृदयाचा दोष, लहानपणी ऑपरेशन झालेलं, आणि आता पोरगा एकोणीस वर्षांचा. डॉक्टरताईंनी साळुंख्यांच्या गावी, कोल्हापूरला फोन लावला. मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आता तो मोठा झाला, आमच्याकडे नाही." मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले, "हा लहानपणचा आजार, आम्ही नाही हात लावत." चार ठिकाणी फोन झाले तेव्हा कुठे एक डॉक्टर तयार झाले.

त्या सगळ्या फोनांच्या वेळी माझी सई बाहेर बाकावर बसून होती. शाळेतून परस्पर तिथे यायची तिला सवय होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, मग मधल्या लोकांना कोण बघतं?"

या प्रश्नावरच पुढे सगळं घडलं.

सई एमबीबीएस झाली. पुढे अमेरिकेच्या परीक्षा दिल्या आणि एक दिवस जाहीर केलं की तिला मेड-पेड्स करायचं आहे. म्हणजे मोठ्यांचं मेडिसिन आणि लहान मुलांचं पेडियाट्रिक्स, दोन्ही एकत्र शिकवणारी चार वर्षांची हॉस्पिटलातली रेसिडेन्सी. जागा मोजक्या, त्यातून बाहेर शिकलेल्यांना बोलावणी कमी. तिला चार ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. पहिलं, तळ्याकाठच्या एका बर्फाळ गावातलं हॉस्पिटल. दुसरं, जुन्या गिरण्यांच्या शहरातलं. तिसरं, नाव काढल्यावर लोक सरसावून बसतात असं मोठं हॉस्पिटल. ही तिन्ही मेड-पेड्सची. चौथं नुसत्या मेडिसिनचं. ते माझ्या मेहुण्यांच्या घराजवळ होतं आणि तिथून मुलाखतीनंतर ईमेलही आली होती की, आमच्या यादीत तुम्ही फार वर आहात.

तिकडची पद्धत अशी की, उमेदवाराने आपल्या पसंतीची क्रमवार यादी द्यायची, हॉस्पिटलांनी त्यांची द्यायची आणि कॉम्प्युटरने जोड्या लावायच्या. जिथे जोडी लागेल तिथे जावंच लागतं. आणि कुठेच लागली नाही, तर वर्ष गेलं.

मी टेंडर भरून मोठा झालेला माणूस. माझं गणित सरळ होतं. म्हटलं, "सई, चौथं पहिलं लिही. त्यांनी हो म्हटल्यासारखंच आहे. शिवाय मामा जवळ."

"बाबा, इट्स नॉट अ टेंडर!"

"सगळं टेंडरच असतं. न मिळणाऱ्या कामामागे धावलं की मिळणारंही जातं."

मेहुणे रोज फोनवरून तेच सांगत होते. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवातही मत ठरलं होतं की, नातेवाईक जवळ असेल ते पहिलं आणि नाव मोठं असेल ते दुसरं. बर्फाचं गाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. यादी द्यायची मुदत जवळ आली आणि घरात बापलेकीचं बोलणं बंद झालं. शेवटी माझी बायको म्हणाली, "दोघं जा डॉक्टरताईंकडे. मला स्वयंपाकघरातून निरोप पोचवायचा कंटाळा आलाय."

शुक्रवारची दुपार होती. डॉक्टरताई कधी अमेरिकेला गेल्या नव्हत्या, पण ही जोड्या लावायची पद्धत त्यांनी मुळापासून समजून घेतली होती. कशासाठी? "कुतूहल हो, शिर्के. लग्नं जुळवण्यापेक्षा बरी दिसते." त्यांनी टेबलावर खजुराची बशी ठेवली. "तुम्ही हॉस्पिटलं व्हा. दर हॉस्पिटलाची जागा म्हणजे एक खजूर. सई आणि मी उमेदवार."

मी लगेच चलाखी केली. सईने दार वाजवायच्या आतच दुसऱ्या हॉस्पिटलचा खजूर डॉक्टरताईंना देऊन टाकला. "बघा! ही पहिल्या दाराशी थांबली तोवर दुसरं भरलं."

"तुमच्या हॉस्पिटलच्या यादीत कोण वर आहे, मी की सई?"

"धरा, सई."

"मग माझ्याकडून खजूर परत घ्या. तिला द्या."

"असं कसं? तुम्हाला शब्द दिला की!"

"शेवटच्या फेरीपर्यंत शब्द नाही. नुसतं बसायला दिलंय. तिकडे उशिरा आलं म्हणून कुणाची जागा जात नाही. आधी कुठे जाऊन आलीस, हे दुसरं दार विचारतच नाही."

मी तासभर त्या पद्धतीत भोक शोधलं. खजूर इकडचे तिकडे केले, खोटी पसंती लिहून पाहिली, सईला मुद्दाम खाली टाकलं. दर वेळी तेच निघालं की, मनात पहिलं असेल तेच पहिलं लिहिलं तर मागच्याचं काही जात नाही. जातं ते खोटं लिहिलं तर. सई खजूर खाता खाता हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

माझ्या हातात अजून एक पत्ता होता. म्हटलं, "पण त्या ईमेलचं काय? फार वर आहात, असं लेखी दिलंय."

डॉक्टरताईंनी त्यांचा तो आणखी एक प्रश्न काढला. "शिर्के, तुमच्या धंद्यात कुणी म्हणालं, 'काम तुमचंच', तर तुम्ही काय करता?"

उत्तर मला येत होतं, म्हणूनच देववत नव्हतं. "चेक वटेपर्यंत काही करत नाही," मी म्हटलं. "आता करत नाही."

त्यांनी ते तिथेच सोडलं. मग सईला त्यांनी जे विचारलं, ते माझ्या कानात अजून आहे. हॉस्पिटलचं नाव नाही, शहर नाही, पगार नाही. "तिथे क्लिनिकमध्ये आजोबा आणि नात एकाच दिवशी येतात का?" "लहानपणचा आजार घेऊन मोठं झालेलं पेशंट कुणाकडे जातं?" आणि मग, "तुमचे हे मेड-पेड्सचे लोक जेवायला कुणाशेजारी बसतात?"

सई म्हणाली, "आंटी, मोठ्या हॉस्पिटलात ते कोपऱ्यातल्या टेबलावर वेगळे बसले होते. मेडिसिनवाले त्यांना मुलांचे डॉक्टर समजत होते, आणि मुलांचे डॉक्टर त्यांना पाहुणे."

"आणि गिरण्यांच्या शहरात?"

"मिक्स. पण जागा शोधावी लागत होती."

"आणि बर्फात?"

"तिथे मलाच कळलं नाही, कोण कुठलं आहे ते. एकाने मला सूप आणून दिलं. मला वाटलं तो रेसिडेंट. नंतर कळलं, पेडियाट्रिक्सचे प्रमुख होते."

मला माझाच सोफा आठवला.

शेवटचा प्रश्न चौथ्या हॉस्पिटलचा होता. "सई, इथे जोडी लागली तर जावंच लागेल. खुशीने जाशील?" सई म्हणाली, "जाईन. मेडिसिन मला आवडतं. पण मुलांना मिस करीन." "मग ठेव. सगळ्यांत शेवटी." तिथेच, आमच्या समोर, तिने क्रम लावला. बर्फ, गिरण्या, मोठं नाव, मामा. डॉक्टरताईंनी "छान" म्हटलं नाही की "बघ हं" म्हटलं नाही. निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा, हा त्यांचा नियम. औषधाच्या बाबतीतही त्या तो पाळतात. मी मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात मेहुण्यांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

निकालाच्या संध्याकाळी डॉक्टरताई स्वतः आमच्याकडे आल्या. क्लिनिक चालू असताना त्या कुठे जात नाहीत, हे करामात सगळ्यांना ठाऊक आहे. सईने लॅपटॉप उघडला, वाचलं आणि म्हणाली, "सेकंड."

गिरण्यांचं शहर. मेड-पेड्स.

बर्फाच्या गावाने घेतलं नव्हतं. सईचा चेहरा पडावा की फुलावा, हे तिलाच ठरवता येत नव्हतं. मी मात्र खजूर मोजत होतो. पहिलं मागितलं म्हणून दुसरं गेलं नव्हतं. आणि माझं ऐकलं असतं तर? चौथ्याने खरंच घेतलं असतं, तर ती आज मुलांना मिस करत बसली असती.

डॉक्टरताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या वेळी मुंबईत सरांनी विचारलं होतं, मेडिसिन की मुलं? एकच सांग. मी मेडिसिन सांगितलं. मुलं नंतर आपली आपण आली, आयांच्या कडेवरून. पण मला यादी करायला कधी मिळाली नाही गं. दुसरं मिळाल्याचा आनंद कसा दिसतो, ते बघायला आले." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी प्रथमच ऐकलं. सई रडली ती तेव्हा, आणि ती निराशेने नव्हे.

सई चार वर्षं तिथे शिकली आणि परत आली. आता अबू धाबीच्या एका हॉस्पिटलात काम करते, तिथल्याच अल रीम बेटावर राहते. साळुंख्यांच्या मुलासारखे, लहानपणचे आजार घेऊन मोठे झालेले पेशंट बघते. त्यांना आता चार फोन करावे लागत नाहीत.

गेल्या महिन्यात डॉक्टरताईंना मी माझ्या गाडीतून तिच्याकडे नेलं. रक्तदाब थोडा वर आहे. एकट्या जायला त्या तयार नव्हत्या. शेजारच्या बिऱ्हाडातल्या आईला सांगून तिच्या खोकणाऱ्या मुलालाही बरोबर घेतलं. "जातेच आहे, तर दोघं एकदम." सईने दोघांनाही आत घेतलं, दोघांनाही तपासलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आंटी, क्लिनिकमधून घरी आलात की तुम्ही कुठे बसता?"

डॉक्टरताई हसल्या. इतक्या हसल्या की रक्तदाब पुन्हा मोजावा लागला. "बाल्कनीत," त्या म्हणाल्या. "करामा ऐकत. संध्याकाळी हा पोरगाही येऊन बसतो."

"खाली रस्ता, गाड्यांचा धूर. खुर्ची आत घ्या. दोघांचीही."

खुर्च्या मी स्वतः जाऊन आत हलवल्या, खिडकीला नवीन काच बसवली, म्हणजे धूर येणार नाही पण गल्ली दिसेल. सुताराने याहून मोठा सत्कार काय करावा? डॉक्टरताईंनी त्या खुर्चीवर शंभरी गाठावी, तब्येत ठणठणीत राहावी, शेजारच्या खुर्चीवर रोज कुणीतरी लहान असावं, आणि आम्ही भेटायला गेलो की त्यांनी आम्हाला आणखी एक प्रश्न विचारावा. उत्तर आम्ही तयार ठेवतो. कपडे बदलूनच येतो.